कल

आमच्या बगीच्यातली रिंग डावीकडे कललेली होती,
दोन बोटं, फार तर अडीच.
कधीपासून, ते सुदामा नगरात कुणालाच ठाऊक नाही.
लोकेंद्र म्हणायचा, मी जन्मलो त्याच्या आधीपासून,
आणि तोच रोज लटकायचा तिला, सव्वासहा फुटी देह घेऊन.
आम्ही खालून ओरडायचो, उतर रे रेड्या!

दुकानाचं शटर ओढून मी साडेआठला पोचते.
इथे मला 'मेडिकल' म्हणतात.
जुबेर 'टायर', किब्यांचा धाकटा 'हळू',
एक सी.ए. आहे, तो नुसता 'ए'.
आडनावं बाकावर राहतात,
किल्ल्या आणि ओल्या रुमालांच्या शेजारी.
अकराचा डाव. जिंकेल तो टिकेल.
हरलेले निघतात, कठड्यावरून कुणीतरी उतरतं:
"भिया, अपन अगले."
फाउल ज्याला लागला त्यानं सांगायचा,
सांगितला की बाकीच्यांनी मानायचा,
आणि मानल्यावर तीन मिनिटं भांडायचं.

रिंगचं मात्र कुणी कुणाला सांगत नसे.
नवा आला की सरळ मारायचा, शाळेत शिकवल्यासारखा.
चेंडू कडेवर आपटून नळाच्या चिखलात.
आणायला तोच जायचा.
आठवडा. दीड आठवडा.
मग एका रात्री त्याचं मनगट आपसूक वळायचं,
चेंडू उजव्या, उंच कडेवर टेकायचा
आणि उतारानं आत घरंगळायचा.
टायर म्हणायचा, "आ गया अपना आदमी."
त्या रात्री त्याला नाव मिळायचं.

माझं मनगट कधी वळलं, आठवत नाही.
त्या वर्षी माझी दोन कोर्टं चालू होती.
एकात नुसती तारीख मिळायची.
वकील दर वेळी म्हणायचे, "कल देखते हैं,"
त्यांच्या भाषेतला कल, माझ्या नव्हे.
मी तिथून निघून इथे यायचे,
कुणीही काहीही विचारायचं नाही.
"मेडिकल, तू उसको पकड़," एवढंच.

मग पाहणी येणार म्हणून
निगमनं भिंतींवर मोर काढले, झाडांना चुना फासला,
आणि एक वेल्डर पाठवला.
त्याच्याकडे पाणसळ होती. रिंगवर ठेवली.
बुडबुडा हलत हलत मधोमध आला
आणि तो माणूस हसला, काम चोख झाल्यासारखा.
जाताना जाळीसुद्धा बांधून गेला. पांढरी.

त्या रात्री चाळीस मिनिटं दोन-दोनच.
बारातले दहा टाकणारा टायर
आपल्याच हाताकडे बघत राहिला,
जुन्या गिऱ्हाइकानं उधारी नाकबूल करावी, तसा.
'ए'नं चेंडूत हवा कमी आहे म्हणून पंप मागवला.
आणि हळू,
ज्याला चार वर्षांत तो उतार कधी उमगला नाही,
ज्याला आम्ही दया म्हणून संघात घ्यायचो,
त्यानं लागोपाठ तीन टाकले
आणि काहीतरी फोडल्यासारखा तोंड लपवून मागे पळाला.

रविवारी पहाटे मी एकटी गेले.
सरळ उभी राहिले, सरळ मारला.
गेला.
जाळीचा आवाज चांगला आहे, नाही म्हणणार नाही.
पुन्हा मारला. पुन्हा गेला.
कडुनिंबाखाली योगाची बाई चटई झटकत होती, म्हणाली, वा!
मी घरी आले, चहा टाकला,
आणि उजवं मनगट सारखं चोळत बसले.
दुखत काहीच नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी, शेवटच्या डावात,
लोकेंद्र उडाला, चेंडू आत कोंबला
आणि सवयीनं लटकला.
खाली आम्ही नऊजण. कठड्यावर चौघं.
निगमचा दिवा भुणभुणत होता.
त्यानं मान वाकवून खाली पाहिलं,
शिव्यांची वाट बघत.

कुणी ओरडलं नाही.

कुठेतरी वर लोखंड बारीकसं कुरकुरलं.
हळूनं बुटाची नाडी बांधायला घेतली, बांधलेलीच होती ती.
टायर कमरेवर हात ठेवून म्हणाला,
"आराम से, भिया.
अपने को कौन-सी जल्दी है."