व्यत्यय

छापील कार्यवृत्त, पान दोनशे चार.
खासदार भूपाल मगदूम उभे राहतात:
"महोदय, सांगलीच्या पेठेत
अकरा दिवस हळदीचा सौदा नाही.
बँकेला टाळं, हमालांची मजुरी आत."
(व्यत्यय)
"आमच्याकडं भाव रुमालाखाली ठरायचा,
बोटं दाबून.
पण शेवटी रुमाल उचलावाच लागायचा.
या कर्जांवरचा कोण उचलणार?"
(व्यत्यय. घंटा.)
मंत्री: लेखी उत्तर पाठवू.

तोलाईवाल्या जिन्नाप्पानं
हे मला दोनदा वाचायला लावलं.
"व्यत्यय म्हंजे?"
म्हटलं, मध्येच कुणीतरी आडवं येणं.
तो काही बोलला नाही.
काट्यावर मांजर झोपलेलं,
मुळात पांढरं, आता पिवळं.
काटा साडेतीन किलो दाखवत होता.
अकरा दिवसांत
पेठेत झालेलं तेवढंच वजन
त्यानं वहीत नोंदवलं.