पातळ हवेसाठी

सफरचंदांच्या ट्रकमधून आली ती वाशी मार्केटला,
पेट्यांच्या मागे, पेंढ्यात गुंडाळलेली.
पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, चाक एकही नाही.
बशीरच्या मेहुण्याने उतरवून दिली, म्हणाला,
मढवीसाब, बर्फ पडायच्या आत.

रबाळे एमआयडीसी, ऑक्टोबर, दुपारचे अडीच.
शेडचा पत्रा तापून टणटणत होता.
शेजारच्या पॅकिंगवाल्याची पोरं बघून गेली;
एक म्हणाला, समुद्रातली असेल.
एक म्हणाला, मोडकी आहे, चाकं कुठायत?

दोन्ही कार्ब्युरेटर उघडले.
तळाला गेल्या हिवाळ्याचं पेट्रोल
डिंकासारखं धरलेलं.
जेटमध्ये तार घालायची नाही, भोक वाढतं;
स्प्रे, फुंकर, पुन्हा फुंकर,
उजेडाकडे धरून बघायचं
त्यातून सुईच्या टोकाएवढं आभाळ दिसेपर्यंत.
लष्कराच्या वर्कशॉपात सात हिवाळे
हेच करत होतो, वरती, बशीरच्या गावापाशी.
तेव्हा बोटं बधिर असायची. आता घाम टपकतो फ्लोटवर.

दोरी ओढली. उठली.
आयडलला अशी गुमान चालली
की प्रणोती म्हणाली, काका, झालं.
अंगठ्याने थ्रॉटल दाबला
आणि मेली.
गुदमरली नाही, खोकली नाही.
वाचत असताना कुणी दिवा घालवावा, तशी.

पुन्हा तेच. चार वेळा तेच.
फोनवर बशीर म्हणाला,
साफ करायच्या आधी रडतखडत का होईना, पळायची.
ठपका ठेवला नव्हता त्याने,
म्हणूनच लागलं.

प्लग बघितले. रबर बघितलं, चीर नाही.
पेट्रोल बदललं.
उघडून पुन्हा जोडलेल्या प्रत्येक गोष्टीवर
मी संशय घेतला, स्वतःला सोडून.

आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाची पोर,
हँडलपाशी वाकून म्हणाली,
काका, ही केबल एवढी सैल का?

तेव्हा आठवलं.
थ्रॉटलच्या खोबणीत एक बारीक स्विच असतो.
वरती गारठ्यात स्लाइड गोठून उघडीच राहते कधी,
केबल लोंबते,
मग इंजिनाने स्वतःच स्वतःचा गळा आवळायचा,
स्वाराला दरीत न्यायचं नाही.
जोडताना मी केबल दोन आटे ढिली ठेवलेली.
रबाळ्यात, छत्तीस डिग्रीत,
तिला वाटलं, आपण गोठलोय.

आटे घेतले. पळाली.
तरी मधल्या चालीत खड्डा,
डावी स्लाइड उजवीच्या केसभर आधी उठत होती.
ते तासाभरात जमलं.
उरलं ते माझ्या हातचं नव्हतं:
प्लग पांढरा पडत होता,
कारण पितळी जेटवरचा आकडा पातळ हवेचा,
आणि इथली हवा खाडीची, जड, मिठाची,
जेट पुरवील तेवढं पेट्रोल तिला कमीच.

मोठे जेट आहेत की ड्रॉवरमध्ये, प्रणोती म्हणाली.
आहेत.
घातले तर इथे कशी कडक वाजेल,
अख्खी गल्ली जमेल बघायला.
आणि तिथे, चढणीवर, पेट्रोलात बुडेल.
म्हटलं, राहू दे.
इथे थोडी आजारीच राहू दे.

हँडलला चिकटपट्टी लावली:
खाली पूर्ण थ्रॉटल देऊ नये.
अक्षर प्रणोतीचं.
परतीच्या रिकाम्या ट्रकमध्ये चढवताना
तिच्या पट्ट्यातून पेंढा गळत होता.

डिसेंबरात बशीरचा फोन आला.
बोलला नाही काही,
फोन नुसता इंजिनापाशी धरला.
मी कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला,
स्पीकर चालू केला,
आणि शेडमध्ये आम्ही दोघं उभे राहिलो.

छान आहे, प्रणोती म्हणाली.
उजवा अजून किंचित मागे आहे.