टोकाला घासलं की

जालन्याच्या मिलमध्ये लालभडक सळई
सापासारखी पळते, आणि आम्ही चिमटे घेऊन
तिच्या वाटेवर उभे.
एकोणीस वर्षं. तिची भीती अशी कधी वाटली नाही.
बोटं शाबूत आहेत, एक नख सोडून.

भीती वाटली ती दवाखान्यात.
कानावर डबे लावून बाई म्हणाल्या,
ऐकू आलं की बोट वर करा.
मी बोट तयार ठेवून बसलो.
बराच वेळ बसलो.
कागदावरची रेघ नीट चालली होती,
मग उतारावर सायकल सुटावी तशी
खाली गेली.

सळईला कान लागत नाही.
कान लागतो मला, रविवारी,
कुंडलिकेच्या पलीकडे, दस्तगीर चाचांच्या
आठ बाय सहाच्या खोलीत,
जिथं पेट्या पोट उघडून पडलेल्या
आणि पितळेच्या जिभा फडक्यावर रांगेत.
चाचा कधी शिकवतो म्हणाले नाहीत.
"धर," म्हणाले, हातात कानस दिली.
टोकाला घासलं की सूर चढतो,
मुळाशी घासलं की उतरतो.
आणि घासलेलं पितळ, बेटा,
परत चिकटत नाही.

चाचा गेले. त्यांचा पोरगा म्हणाला,
खोली भाड्यानं देतो, अडीच हजार.
कानशींचा डबा मात्र तसाच दिला.
झाकणावर खडूनं माझं नाव होतं,
नागोरावचं नागराव झालेलं.
मी ते पुसलं नाही, सुधारलंही नाही.

राजीनामा तीन ओळींचा.
जेवणाच्या डब्यात, भाकरीखाली ठेवायचो
आणि संध्याकाळी माघारी आणायचो.
तेल लागलं की नवा लिहायचो.
येडा झालास का, पीएफ, बोनस,
पोरीची लातूरची फी:
फोरमन म्हणायच्या आत
हे सगळं मीच मला म्हणून झालं होतं,
रात्रपाळीत, ओरडून.
तिथं ओरडलेलं आपल्यालाही ऐकू येत नाही.

डबा कुशावर्ता घासते.
"कामून माघारी आणायलात हा कागद रोज?"
मग सांगितलं. कानाचंही सांगितलं.
मला वाटलं, रडेल, नाहीतर जा म्हणेल.
ती उठली, ज्वारीच्या कोठीत
कोपरापर्यंत हात घातला.
"संक्रांतीपस्तोर पुरतंय," म्हणाली,
आणि दिवा घालवला.

खोली उघडली त्याला आज अकरा दिवस.
चहावाला उधारी विचारून गेला.
दुपारी परतूरकडचे दोघं आले, पेटी पोत्यात गुंडाळलेली,
उद्या सप्ता बसतोय म्हणाले.
आत उंदरानं घर केलेलं,
अभंगांच्या वहीच्या चिंध्यांचं.
पिल्लं नव्हती, एवढं बरं.

भाता श्वास धरेना.
गळती कानाला सापडत नाही,
उदबत्ती लावून भात्याभोवती फिरवायची,
धूर वाकेल तिथं भोक.
फिरवली. धूर सगळीकडेच वाकत होता.
मग कळलं, हात थरथरतोय.
मनगट टेबलाला टेकवलं,
म्हटलं, थरथर बाबा, पण टेकून थरथर.
शिवणीपाशी धूर आत ओढला गेला.
चामड्याचा तुकडा, सरस, वर वीट.

आता वरच्या सप्तकातले शेवटचे दोन सूर.
ते मला पातळ ऐकू येतात,
भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसे.
परतूरचे दोघं दारात विडी ओढतायत.
मी वाकून पेटीच्या लाकडाला दात लावले.
दोन सूर जुळत नसले की
त्यांच्यामध्ये काहीतरी धडधडतं,
ते दातांत येतं, जबड्यात येतं.
घासलं. धडधड जरा मंदावली.
पुन्हा घासलं.
अजून थोडी आहे.
एक हात लागेल, कदाचित अर्धाच.
कानस टोकावर ठेवलीय.