वजनकाटा

पेठ नाक्यावर आमच्या खोलीची मागची भिंत
महामार्गाला टेकलेली.
आप्पा शेजारच्या शेडमध्ये वजनं लिहायचे:
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, सही.
गाडी काट्यावर चढताना डोळे मिटून सांगायचे,
"एकोणीस टन. मागची डावी फळी सैल हाय."
ड्रायव्हर म्हणायचे, हिंदुराव, काटा विका, कान भाड्यानं द्या.

रात्रभर मांडणीवरच्या कपबश्या थरथरायच्या.
आई त्यांच्यामध्ये फडकं कोंबून झोपायची.
आम्ही सगळीच मोठ्यानं बोलणारी माणसं झालो.
लग्न होऊन विट्याला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या,
मीठच मागतीस न्हवं? मग भांडतीस कशाला?

गळिताचा हंगाम लागला की ट्रॅक्टर,
दोन-दोन ट्रॉल्या ऊस आणि ड्रायव्हरच्या पाठीशी
कपाटाएवढे स्पीकर.
"सवय झालीया. आता कळत बी न्हाई," आप्पा म्हणायचे.
एकदा त्यांना ताप होता, मी मनगट धरून बसले होते.
बाहेर हॉर्न वाजला.
आप्पा जागे झाले नाहीत.
नाडी जागी झाली, धावत सुटली,
कितीतरी वेळानं जागेवर येऊन बसते न बसते
तोच दुसरा.

जानेवारीत, पहाटे सव्वातीनला
त्यांचे ओठ हलले, शब्द आला नाही.
बाहेर ट्रॉल्यांची रांग होती.
आई म्हणाली, "काय? मोठ्यानं बोला!"
वीस मिनिटं म्हणत राहिली,
मोठ्यानं बोला, मोठ्यानं.

मिरजेला डॉक्टर मुल्लांनी सगळं विचारलं.
तंबाखू, मीठ, साखर, घरात आधी कुणाला लकवा?
भिंतीपलीकडं काय आहे, हा रकाना कागदावर नव्हता.
मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.
"त्याचाही वाटा असतो, ताई.
पण कुणाचा किती, हे एका माणसात
वेगळं काढता येत नाही."

पंचवीस वर्षं वजाबाकी करणारा माणूस
शेजारच्या खाटेवर छताकडं बघत होता.

आता आप्पा आमच्याकडं असतात. गल्ली शांत आहे.
पहिले काही दिवस त्यांना झोपच लागली नाही.
आई अजून ओरडूनच औषध देते.
परवा रात्री लांब, कराड रस्त्याला एक ट्रक गेला.
मला तो नीट ऐकूही आला नाही.
आप्पांनी डावा हात चादरीबाहेर काढला
आणि हळूच उपडा केला:
रिकामी.