तंग

फाटकाच्या उजव्या खांबावर पाटी आहे.
पांढऱ्यावर काळी, अक्षरं इंचभर उंच,
उंचीसुद्धा कायद्यानं ठरवलेली:
घोड्याच्या अंगभूत धोक्यांमुळे झालेल्या
इजेला किंवा मृत्यूला हे केंद्र जबाबदार नाही.
वायोमिंगचा वारा दर हिवाळ्यात तिचा एक स्क्रू सैल करतो
आणि दर मार्चमध्ये तो मीच पिळते.

अंगभूत.
म्हणजे डीकन प्लास्टिकच्या पिशवीला लांडगा समजतो, ते.
म्हणजे पाठीवर खोगीर आलं की पोट फुगवून उभा राहतो,
एकवीस वर्षांचा लबाड म्हातारा,
आणि तुम्ही तंग आवळून पाठ वळवलीत की
हळूच श्वास सोडून
दोन बोटांची ढिलाई परत मिळवतो.
म्हणून चार पावलं चालवून तंग पुन्हा बघायचा.
नव्या स्वयंसेवकांना हे पहिल्याच दिवशी सांगते
मी, व्हर्ना,
तीस वर्षं शाळेची बस चालवलेली,
प्रत्येक थांब्यावर आरसे तीनदा बघणारी.

तंग मात्र अंगभूत नसतो.
घोडा बुजला तर घोड्याचं,
खोगीर फिरलं तर माणसाचं,
एवढ्यावर दोन्हीकडच्या वकिलांचं एकमत.
त्या दिवशी पिशवीही उडाली होती
आणि खोगीरही फिरलं होतं.
आधी काय, ते धुळीत कुणी पाहिलं नाही,
डीकनशिवाय.

टोबिन नऊ वर्षांचा.
कात्रीसारखे मिटलेले त्याचे पाय
घोड्याच्या उबेला वीस मिनिटांत सैलावायचे,
औषधाला जमलं नव्हतं ते.
माझा हात त्याच्या मांडीवर होता.
होता.
मग हातात नुसता बूट राहिला
आणि खाली हासळीचं हाड मोडल्याचा आवाज,
वाळकी काडी मोडावी तितकाच.

जबानीच्या दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी लोरेना भेटली.
'मी नाही गं, विमा कंपनीनं केलाय.
माझी फक्त सही.'
सही तिची त्या पहिल्या कागदावरही होती,
गाडीच्या बॉनेटवर टेकवून केलेली, न वाचता,
आत टोबिन हॉर्न वाजवत होता म्हणून.
एकाच दाव्याला बांधलेल्या आम्ही दोघी,
दोघींच्या कपांत साखर विसरलेली.
'डीकन अजून पेपरमिंट खातो का? तो विचारतो.'
तुझ्याशी बोलायचं नाही, असं वकिलानं बजावलं होतं.
'खातो,' म्हटलं. 'कागदासकट.'

आत मिस्टर प्रुइटनी पेन टेबलावर आडवं ठेवलं.
'तंग तुम्ही दुसऱ्यांदा तपासला होता का?'
हो म्हणायला एक अक्षर पुरतं.
नाही म्हणायला दोन.
मी 'आठवत नाही' म्हटलं,
सहा अक्षरं, सगळी खरी.
टायपिस्ट बाईंनी ती टिपली
आणि बोटं उचलून पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिल्या.

तंग पुराव्याच्या पिशवीत गेलाय, चिठ्ठी लावून.
ज्या पट्ट्याला तो बांधतात
तो अजून खोगिरावरच आहे.
त्याचं तिसरं भोक ताणून लांबट झालंय,
गेल्या शरद ऋतूपासून.
हे मला कुणी विचारलं नाही.

पार्किंगमध्ये ट्रकमध्ये बसले. किल्ली लावली.
आरसे बघितले. एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा मागे लोरेना होती,
बर्फात उभी, एकेक खिसा चाचपत,
किल्ल्या शोधत.