दोऱ्याच्या गाठी

शुक्रवारची नमाज आटोपली की
सोहारच्या शाळेचं मागचं दार उघडतं.
उघडणारी यासुए कात्सुरागी, वय एकसष्ट,
जपानी मंडळाची अध्यक्ष, खजिनदार,
आणि मार्चपासून सतरंज्या झटकणारीसुद्धा.

मी हिशेब तपासते. फुकट.
आमच्या मंडळाच्या खुर्च्या याच कोठारात
त्यांच्या ढोलांना टेकून असतात,
तेवढ्या ओळखीवर.

ढोल म्हणजे ट्रकचे जुने टायर,
त्यांवर पॅकिंगची पट्टी ताणून ताणून चिकटवलेली.
आवाज छातीत घुमत नाही,
पोटऱ्यांत शिरतो.

दर दोन वर्षांनी कंपनी माणसं उचलते.
मिसावा नागोयाला गेले, ओकिबे सगळे ब्राझीलला,
सुलेखन शिकवणारे तोमिनागा
अर्धी शाईची बाटली ठेवून गेले
आणि वर चिठ्ठी: हलवून वापरा.
जाणारा चावी ठेवतो.
चावीला दोरा, दोऱ्याला गाठी,
एका अध्यक्षाची एक.
मी मोजल्या. अकरा.

जुलैत त्यांचा ताऱ्यांचा सण. बांबू लागतो.
सोहारात बांबू कुठला?
बलुची माळी दुर्रक यानं खजुराची फांदी आणली,
काटे आधीच छाटून.
तिच्यावर कागदाच्या पट्ट्या, पट्ट्यांवर मागणी.
एका मुलाला कुत्रा हवा. एकीला बर्फ.
एका इंजिनिअरनं लिहिलं, भट्टी क्रमांक दोन नीट चालू दे.
यासुएची पट्टी मला वाचता येईना.
ती म्हणाली, माणसं मागितली.
किती, ते नाही लिहिलं. जास्त वाटायला नको.

त्या संध्याकाळी सभेला तिघं, एसी बंद,
बाहेर सेहेचाळीस.
मी वैतागून म्हटलं,
आमच्यात याला लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात.
समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली.
तव्याची खूण केली, सैनिकाची केली,
घरच्या उपाशी पोरांची करताना मलाच हसू आलं.
तिनं वहीत लिहून घेतलं,
कारण ती सगळंच लिहून घेते.

पुढच्या शुक्रवारी तिनं विचारलं:
मग ते सैनिक जेवले का पोटभर?

मला उत्तर येईना.
आजीपासून ऐकत आले ही म्हण,
भाजणाऱ्यांना हसलो आम्ही सगळे.
जेवणाऱ्यांची चौकशी कुणी केलीच नव्हती.

ऑक्टोबरात तिनं सांगितलं, मीही निघतेय.
मात्सुएला मोठी बहीण एकटी आहे,
पडली न्हाणीघरात.
नवा अध्यक्ष कोण?
सगळे बुटांकडे बघू लागले,
म्हणजे मोज्यांकडे; बूट दाराशी होते.
ही शांतता माझ्या चांगली ओळखीची.
आमच्याकडेही गणपतीला साडेतीनशे पानं उठतात
आणि वार्षिक सभेला सातजण.

हात वर केला तो थुरैयानं.
थुरैया अल-मामरी, बंदरात क्रेनच्या पाळ्या लावते,
तोमिनागांकडे चार वर्षं ब्रश धरायला शिकली,
टायरवर सगळ्यांत जोरात तीच बडवते.

नियमावली काढली. तीन पानं, एक चहाचा डाग.
अध्यक्ष सभासद असावा.
जपानी असावा, असं कुठे नव्हतं.
यासुएनं तीनदा वाचलं.
लिहायचं राहिलंय, म्हणाली,
बहुतेक कुणाला सुचलंच नसेल.
एक म्हातारे गृहस्थ काही न बोलता उठून गेले.
परत आले ते सगळ्यांसाठी
पाण्याच्या बाटल्या घेऊन.
ते हो होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

बारावी गाठ थुरैयानं मारली. सैल पडली.
यासुएचा हात पुढे झाला,
आणि तिनं तो मागे घेऊन पदरच नसलेल्या खांद्यावर ठेवला.

काल नव्या अध्यक्षांचं पहिलं बिल आलं:
ढोलांसाठी चिकटपट्टी, सहा गुंडाळ्या,
तीन रियाल दोनशे बैसा.
मी सही केली.
म्हटलं, पोरी, पावती जोडत जा.