धुळीचं वर्तुळ

टप्पा पडून आलेला चेंडू स्ट्राइक होत नाही.
गुडघ्याच्या वरून, छातीच्या खालून,
सुतळी लावून आखल्यासारखा
प्लेटच्या बरोबर मधून गेला, तरी नाही.
जमिनीला एकदा शिवला ना, मग तो बॉल.
अठ्ठावीस उन्हाळे मी हे सांगत आलोय
बापांना, काकांना,
जाळीला नाक लावून ओरडणाऱ्या
खतवाल्या लाडिस्लावला:
"अहो, मधून गेला की!"
गेला. पण भुईला विचारून गेला.

अंगाला लागला तर मात्र पहिला बेस द्यावा लागतो;
टप्प्याने मार हलका होतो, असं नियम मानत नाही.
आणि कुणी टोलवलाच, तर टोलवला.
मातीतून उठलेला चेंडू
पार कुंपणाला जाऊन भिडलेला मी पाहिलाय,
मारणारा स्वतःच इतका थक्क
की पळायचं राहून गेलं.

पळायचं राहून जातं.
तेच सांगायचं होतं.

नेब्रास्का, ऑगस्टचा शेवटचा रविवार.
मक्याच्या रानावरून येणारी गरम वाफ,
धान्यकोठाराची सावली तिसऱ्या बेसपर्यंत लांबलेली.
शेवटचा डाव, दोन बाद, एका रनाचा फरक,
तिसऱ्या बेसवर एक जण बूट घासत उभा.
बॅट घेऊन कोल्बी व्होंद्राक, वय सोळा,
कोपरापर्यंत मक्याच्या पात्यांचे ओरखडे.
अर्विनच्या हातून चेंडू निसटला की त्याने सोडला, देव जाणे,
प्लेटच्या हातभर अलीकडे आपटला
आणि कोल्बी सगळं अंग घालून फिरला.
कापला तो फक्त वारा.

मी म्हणालो, "स्ट्राइक तीन."
तेवढंच म्हणालो.
"आउट" हा शब्द मी उच्चारला नाही
आणि उच्चारला नाही, हे कुणाला ऐकू आलं नाही.

चेंडू झेलला गेलाच नव्हता.
रेमिहिओच्या छातीवर आदळून
त्याच्याच डाव्या टाचेमागे जाऊन बसला होता,
कोंबडी अंडं घालून विसरते तसा.
रेमिहिओ मास्क भिरकावून अर्विनकडे धावला,
पोरं एकमेकांवर पडली, टोप्या उडाल्या.
कोल्बी वळला. बॅट मागून फरफटत.

नियम असा, की जोवर तो
प्लेटभोवतीच्या मातीच्या वर्तुळात आहे
तोवर बाद नाही.
पळू शकतो. नव्वद फूट, अडवायला कुणी नाही.
नियम असाही, की हे त्याला
मी सांगायचं नाही.

पाच पावलांचं वर्तुळ. त्याने चार टाकली
आणि कडेला थांबला.
हातमोज्याचा पट्टा दातांनी सोडवायला लागला.
केवढा वेळ लावला त्या पट्ट्याला!
माझी जीभ टाळूला चिकटलेली,
उजवा हात स्ट्राइकच्या मुठीतच गोठलेला,
आणि चेंडू तिथेच, शिवणीत माती भरलेला,
सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

जाळीमागे नऊ वर्षांची इत्सेल, रेमिहिओची बहीण.
तिचं तोंड उघडलं. भावाला हाक मारणार होती.
मग तिने कोल्बीकडे पाहिलं,
हाक दोघांनाही ऐकू जाईल हे तिला कळलं
आणि तिने तोंड मिटलं.
ओठ आत ओढून, घट्ट.
त्या मैदानावर आम्ही दोघंच शहाणे
आणि दोघंही मुके.

पट्टा सुटला.
कोल्बीने पाचवं पाऊल गवतात टाकलं.
मग मी हात वर केला. "आउट."
आता त्या शब्दाकडे कोण बघतंय.

सगळे गेल्यावर मी प्लेट झाडली,
उगाच, कुणी खेळणार नव्हतं.
चेंडू उचलून खिशात टाकला.
गाडीपाशी इत्सेल उभी, हातात वितळलेला बर्फाचा गोळा,
मनगटावरून लाल ओघळ.

"तुम्ही आधी आउट म्हणाला नव्हतात."
"नाही."
"मला माहीत होतं."
"मला दिसलं."

तिने गोळ्याची काडी चोखली, विचार केला.
"त्याला सांगणार?"

पलीकडे कोल्बीचा बाप ट्रकचं दार धरून उभा,
कोल्बी अजून बुटांतली माती झटकतोय,
एक बूट, मग दुसरा,
मग पुन्हा पहिला.